फाटकावरच्या पुऱ्या

संध्याकाळ झाली की माझी मुलगी तिच्या खोलीतून ओरडते, "मम्मी, आज डिनरला काय बनवतेयस?" आम्ही इंदूरला भंवरकुआंजवळ राहतो. खिडकीखाली क्लास सुटलेल्या पोरांची गर्दी असते आणि मी फ्रिज उघडून उभी असते. मेथी आहे, वांगी आहेत, मुगाची डाळ आहे. ती म्हणते, "आलू-पुरी कर ना यार." मी म्हणते, पुरी सोडून काहीही माग. तिला मी सांगून ठेवलंय की डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं आहे. ती थाप आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. मला पुरीचा राग आहे. एखाद्या पदार्थावर राग धरणं हास्यास्पद आहे हे मलाही कळतं, पण माणसांवर धरलेला राग कुठे ठेवायचा ते मला कधी जमलं नाही.

मी आठवीत असताना बाबांची मिल बंद पडली. एका फटक्यात नाही. आधी रात्रपाळी गेली, मग दुपारची, आणि एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. तेव्हा टीव्हीवर रोज नवं आर्थिक धोरण चाललं होतं, देश खुला होणार म्हणून सुटाबुटातले लोक खूश होते. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात परदेशी शीतपेयाची लाल पेटी आली आणि पलीकडे मिलच्या फाटकाला साखळी लागली. आतली यंत्रं हळूच बाहेर काढून विकतील अशी भीती होती, म्हणून कामगारांनी फाटकासमोर मांडव घालून धरणं धरलं. बाबा सकाळी जायचे ते रात्रीचं जेवण तिथेच उरकून परत यायचे.

त्या जेवणाची एक पद्धत ठरली होती. गल्लीतल्या प्रत्येक घराने एक पदार्थ करून पाठवायचा आणि फाटकावर सगळ्यांनी मिळून खायचं. सगळ्या जातीधर्माची माणसं होती, म्हणून जेवण शाकाहारी. कुणाची अडचण नको. बाबांना याचं फार कौतुक होतं. "मालकाला वाटतं आम्ही आपसात फुटू," ते म्हणायचे, "पण एका मांडवात जेवणारी माणसं फुटत नसतात." मीही शाळेत मैत्रिणींना हेच वाक्य ऐकवायची, मान ताठ करून.

कुणी काय करायचं हे ठरवायची शेजारची चाची. ती मूळची माळव्यातली, आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिचा नवरा गोळा झालेलं जेवण ठेल्यावर, म्हणजे हातगाडीवर, घालून फाटकावर न्यायचा. आम्ही बौद्ध. आजोबा पलटणीत होते म्हणून महूला आले, बाबा तिथेच वाढले आणि मिलच्या नोकरीसाठी इंदूरला आले. आई मात्र लग्न होऊन नागपूरकडून आलेली. तिला इथलं हिंदी यायचं, इथल्या खाचाखोचा यायच्या नाहीत. चाची तिची पहिली आणि बहुतेक एकुलती मैत्रीण. मी जन्मले तेव्हा आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती ती हीच.

दुपार कलली की चाची दारात यायची. "तो भाभी, आज मेरे यहाँ से दाल, सामने वालों के यहाँ से चावल, और आप पूरी कर दो."

पहिल्या दिवशी पुरी. दुसऱ्या दिवशी पुरी. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आज मैं वरण करूँ क्या? हमारी तरफ का, इमली-गुड़ वाला?"

"अरे नहीं भाभी, दाल तो कोई भी बना ले. आपके हाथ की पूरी जैसी फूलती है ना, वैसी पूरे मोहल्ले में किसी की नहीं फूलती."

आईचा चेहरा असा खुलला की विचारू नका. एवढ्या वर्षांत या शहराने तिला पहिल्यांदा कशात तरी पहिला नंबर दिला होता. ती रोज पीठ मळू लागली. कणीक घट्ट भिजवायची, थोडा रवा घालायची, चिमूटभर साखर टाकायची, म्हणजे रंग छान येतो. एका दिवशी ओवा घालायचा, एका दिवशी मेथी चिरून, कधी लाल भोपळा वाफवून त्यात कणीक भिजवायची. पुरी म्हणजे पुरीच, पण तिच्यात जितकं म्हणून वेगळं करता येईल तितकं ती करायची. भल्या सकाळपासून तिच्या डोक्यात तेच, आज रात्री कसली पुरी.

पण पुरीला तेल लागतं. घरात पगार नाही आणि कढई रोज चढते. आईने त्यावर तोड काढली. आमच्या जेवणातलं तेल तिने बंद केलं. भाजी ती पाण्यात फोडणीला टाकायची, म्हणजे गरम पाण्यात मोहरी, जिरं, हळद, आणि त्यात दुधी नाहीतर कोबी. याला आई "पाण्याची फोडणी" म्हणायची, जणू काही हाही एक पदार्थच आहे. मोहरी तडतडायची नाही, नुसती भिजून बसायची. भाकरीवर लाल मिरचीची चटणी, तीही कोरडी. माझा धाकटा भाऊ पुऱ्यांच्या परातीभोवती मांजरासारखा घोटाळायचा. आई त्याला एक फुटलेली पुरी द्यायची आणि म्हणायची, "बस, बाकीच्या फाटकाच्या आहेत." मला तिने कधी दिली नाही, मी मोठी होते. मी मागितलीही नाही. मला वाटायचं आमचंही धरणंच चालू आहे.

रात्री बाबा आले की आई पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायची, "कशा झाल्या होत्या?"

बाबा खुलवून सांगायचे. "अगं, ते विणाई खात्यातले पंडितजी आहेत ना, त्यांनी तर चार मागून घेतल्या. म्हणे, भाभीजी को बोलना मेथी वाली फिर से भेजें. आणि आमचा मुकादम, तो जॉबर, तो तर खिशात घालून घरी घेऊन गेला पोरांसाठी." आई तोंडाला पदर लावून हसायची. मग दुसऱ्या दिवशी चार पुऱ्या वाढवायची, पंडितजींना कमी पडू नयेत म्हणून. कढईत तेल ओतताना तिचा हात कधी आखडला नाही. त्या दिवसांत मी तिला जितकं आनंदात पाहिलं तितकं मग कधी पाहिलं नाही, आणि हे लिहिताना माझ्या दाताखाली काहीतरी कचकन येतं.

थंडी पडली. एके दिवशी बाबा शाल विसरून गेले. त्यांना खोकला झाला होता, म्हणून ठेला गेल्यावर आई म्हणाली, "चल, देऊन येऊ." आईला मनातून पंगतही पाहायची असणार. तिने केस विंचरले, चांगलं पातळ नेसली. बायका सहसा फाटकावर जात नसत. आम्ही दोघी गेलो तेव्हा दिवे नुकतेच लागले होते आणि वाढायला सुरुवात झाली होती.

मांडवात लांब सतरंजी होती. तिच्यावर सगळे बसले होते, पत्रावळींवर डाळ, भात, बटाट्याची भाजी. चाचीचा नवरा वाढत होता. पंडितजी होते, जॉबर होता. मी पुऱ्या शोधत होते. कुणाच्याही पत्रावळीवर पुरी नव्हती.

बाबा मांडवात नव्हतेच. मांडवाच्या बाहेर, भिंतीच्या कडेला पोती अंथरली होती आणि त्यांच्यावर पाच माणसं बसली होती. बाबा आणि आमच्याच समाजातले आणखी चौघं. मधे आमची परात. चाचीचा नवरा मांडवातलं वाढून झाल्यावर तिकडे आला आणि उभ्यानेच, वरून, त्यांच्या पत्रावळींवर डाळ सोडली. पाच जण जेवले तरी परात अर्धी भरलेली होती. मग त्याने ती उचलली, रस्त्यापलीकडे नेली आणि तिथे उभ्या असलेल्या गाईपुढे रिकामी केली. भोपळ्याच्या पुऱ्या होत्या त्या दिवशी. गाईने चवीने खाल्ल्या.

आई मागे वळली. शाल माझ्या हातात तशीच राहिली. आम्ही रस्त्याच्या कडेने परत आलो. वाटेत तिच्याकडे बघायचीच मला भीती वाटत होती.

बाबा आले. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि रोजच्याच आवाजात विचारलं, "कशा झाल्या होत्या?"

"एकदम झकास," बाबा म्हणाले. "पंडितजी तर म्हणाले, ऐसा कद्दू तो हमने शादी में भी नहीं खाया."

मला वाटलं, आता भिंत कोसळेल. आई फक्त म्हणाली, "शाल द्यायला आले होते मी."

बाबांनी तांब्या खाली ठेवला. गरजेपेक्षा जास्तच वेळ ते खोकत राहिले. मग म्हणाले, "सुरुवातीला घेतल्या होत्या काही जणांनी. मग कुणीतरी कुजबुजलं, त्या कुठल्या घरच्या आहेत ते."

"आणि चाची? रोज पुरी, पुरी करते ती?"

"तिचं काय चुकलं," बाबा म्हणाले. "ती आपल्या बाजूचीच आहे. इकडे असं असतं. पाण्यात शिजलेलं म्हणजे कच्चं. डाळ, भात. ते ज्याला त्याला आपापल्या जातीच्या हातचंच चालतं. तेलात तळलेलं म्हणजे पक्कं, ते कुणाच्याही हातचं चालू शकतं. तिने विचार केला, पुरी असली तर निदान कुणी नाही म्हणणार नाही."

आईला हे ठाऊकच नव्हतं. तिच्या माहेरी शिवाशिव होती, पण तिथे कढईवरून असा भेद करत नसत. तिला खरोखर वाटलं होतं की तिच्या पुऱ्या फुगतात म्हणून. ती म्हणाली, "म्हणजे तिला माझी पुरी आवडली नव्हती."

"तुम्हाला माहीत होतं," मी बाबांना म्हटलं. त्यांच्याशी त्या आवाजात मी पहिल्यांदाच बोलत होते. "पहिल्या दिवसापासून?"

"बोललो असतो तर फूट पडली असती," ते म्हणाले. "मालकाला तेच हवं होतं."

मालकाने फसवलं, मान्य. युनियनच्या पुढाऱ्यांनी फसवलं, दिल्लीतल्या सुटाबुटातल्यांनी फसवलं, त्या सगळ्यांवर मी बाबांच्या बाजूने दातओठ खाल्ले आहेत. चाचीवर चिडले, मग अर्धवट माफही केलं. पण आमच्या ताटातलं तेल गाईच्या तोंडात जात होतं हे पाहून रोज घरी येऊन पंडितजींच्या तोंडी कौतुकं रचणारा माणूस माझा बाप होता. आईला बरं वाटावं म्हणून करत होते, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. त्यांना स्वतःलाच ती पंगत खरी वाटायला हवी होती आणि त्यासाठी त्यांनी आईला कढईला जुंपलं.

दुसऱ्या दिवशी चाची दारात आली. "तो भाभी, आज पूरी..."

"आज नहीं बनेगी," आई म्हणाली. एवढंच. चाचीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला कळलं. "भाभी, मैंने तो आपके भले के लिए..." ती म्हणाली. आई म्हणाली, "मालूम है," आणि आत गेली. चाची थोडा वेळ उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आईने तिला आत बोलावलं नाही. त्या दिवशी आमच्या घरातून ठेल्यावर काही गेलं नाही.

त्या दिवशी बाबा लवकर परतले. चेहरा उतरलेला. आईने विचारलं, "जेवलात?"

"नाही."

"का? डाळ नव्हती?"

"होती." ते खाटेवर बसले. "आपल्याकडून काही आलं नाही ना. वाढणाऱ्याने मांडवातच संपवली. आमच्या बाजूला कुणी आलंच नाही."

मला वाटलं आता तरी ते म्हणतील, उद्यापासून मी फाटकावर जाणार नाही. ते बोटांनी पोटरी चोळत बसले होते. मग वर न बघता म्हणाले, "उद्या पाठवशील ना काहीतरी?"

मी उठून आत जाणार होते. इतका राग आला होता की रडू येईल असं वाटत होतं. पण आईने शांतपणे चुलीवरचं पातेलं उतरवलं, त्यांच्यासाठी ताट घेतलं आणि भात वाढला. त्यावर वरण घातलं, आणि खूप दिवसांनी घरातल्या माणसासाठी वरून एक पळी तेलाची खरी फोडणी ओतली.

"पाठवीन की," ती म्हणाली. "वरणभात पाठवीन. पाच जणांपुरता. आणि मी स्वतः घेऊन येईन, ठेल्यावर घालणार नाही."

बाबा म्हणाले, "तिथे ठेवू देणार नाहीत कच्चं."

"मांडवात कुठे ठेवायचंय," आई म्हणाली, आणि त्यांच्यासमोर ताट सरकवलं.