मयेकर काकांची चौदा मतं

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो तर त्या दिवशी माझ्यापासून चार हातांवर बसला होता. आता तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. सांगायचं आहे, एवढंच.

ब्रेक्झिटचं ते वर्ष आठवतं? मी दुबईत एका ब्रिटिश कंपनीत होते, राहायला शारजात, अल नहदाला. लंडन ऑफिसला माझी बदली जवळजवळ ठरली होती, आणि तिकडचं काय ते कळेपर्यंत सगळं होल्डवर गेलं. पँट्रीतल्या टीव्हीवर त्यांची पार्लमेंट चालू असायची. तोच करार पुन्हा मतदानाला, पुन्हा नामंजूर. मग दुरुस्ती, मग मुदतवाढ. माझा मॅनेजर इंग्लंडचाच. तो स्क्रीनकडे पाठ करून चहा प्यायचा. मी तर रोज चिडायचे — अरे, एकदाचं काय ते करा आणि खलास करा ना.

ते सगळं मन लावून बघणारा एकच माणूस मला माहीत होता. आमच्या बिल्डिंगमधले मयेकर काका. मालवणचे, साठीला आलेले, तीस वर्षं इथे ड्राफ्ट्समन. खासदार उठून दोन वेगळ्या दारांनी जातात, एकेक डोकं मोजलं जातं, मोजायला दोन्ही बाजूंची माणसं असतात — याचंच त्यांना कौतुक. मी एकदा म्हटलं, काका, किती वेळ घालवतात हे लोक.

"मीनल, हरणाऱ्याला घरी जाताना कळायला हवं की आपल्याला मोजलं होतं," ते म्हणाले. "त्याला वेळ लागतो."

मी हसले होते.

आमचं सत्तावीस घरांचं छोटं मंडळ होतं, मी त्याची सेक्रेटरी. दर दिवाळीला फराळाचा कार्यक्रम व्हायचा. मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमधली आपल्या कोकणातली माणसं त्या सुट्टीच्या शुक्रवारी इस्त्रीचे शर्ट घालून यायची. काकाच त्यांना आणायचे. त्या वर्षी काहींनी प्रस्ताव मांडला — यंदा हॉटेलात करू, फक्त फॅमिली, म्हणजे कॅम्पमधली माणसं नकोत. काकांनी विरोध केला, पण रीतसर. नोटीस काढा, चर्चा करा, घरटी एक मत घ्या. पहिल्या सभेला पुरेशी माणसंच आली नाहीत. दुसऱ्या सभेत एक घर गैरहजर, म्हणून तेरा-तेरा. लोक वैतागले. कोणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलून 'शारजा पार्लमेंट' केलं.

तिसरी सभा आमच्याच हॉलमध्ये झाली. माणसं जमिनीवर, सोफ्याच्या हातांवर, किचनच्या दारात. काकांनी सुचवलं, मोजायला दोन्ही बाजूंचा एकेक जण असू दे. मी विचारलं, काका, माझ्यावर विश्वास नाही का? ते ओशाळले. तसं नाही गं, म्हणाले, आणि खाली बसले.

हे मी मुद्दाम विचारलं होतं का? त्या क्षणी नाही, असं मला वाटत आलंय. पण — बघा, पुन्हा मी स्वतःला सोडवायला लागले.

हात वर झाले. फक्त फॅमिली, तेरा. सगळ्यांना बोलवा, चौदा. मी दोनदा मोजले. आणि आकडे उलटे सांगितले.

कंटाळले होते म्हणून? तेही होतं. पण माझ्या मॅनेजरला मी बायकोसकट फराळाला बोलावून ठेवलं होतं. बदलीची फाइल त्याच्याकडे होती. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर सिमेंटने फुटलेल्या हातांचा माणूस चिवडा खात बसलेला — मला ते नको होतं. खरं कारण एवढंच.

सगळे काकांकडे बघत होते, आता हे कुठला नियम काढतात म्हणून. ते उठले. "मोजणी झाली," म्हणाले. "आता हॉटेल कुठलं ते ठरवा, बुकिंग मी करतो."

आणि केलं. त्यांच्या बाजूची दोन घरं रुसून बसली होती, त्यांनाही त्यांनीच समजावून आणलं. कार्यक्रमात माझ्या मॅनेजरला करंजी कशी करतात ते सांगत उभे राहिले. दुपारी काकूंना घेऊन डबे गाडीत भरले आणि मुहैस्नाहला गेले. त्यांच्यासारखं हरणं मी त्यानंतर कोणाचं पाहिलं नाही. आणि ते तर हरलेही नव्हते.

कॅम्पमधली माणसं पुन्हा आमच्याकडे आली नाहीत. पुढच्या वर्षी कोणी विषयच काढला नाही, 'फक्त फॅमिली' हे ठरूनच गेलं. काका मात्र दर दिवाळीला डबे घेऊन जात राहिले. मी एकदाही सोबत गेले नाही. माझं लंडन शेवटी बारगळलं.

दोन वर्षांपूर्वी काका नोकरी संपवून मालवणला परतले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी प्रत्येकाबद्दल काहीतरी चांगलं सांगितलं. माझ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "ही आमची सेक्रेटरी. सगळे तापलेले असताना हिने शांतपणे मोजलं, म्हणून आपलं मंडळ फुटलं नाही."

टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले, हात जोडले, आणि त्या घेतल्या.