एकाच पायाची पावलं

चौथ्या माळेच्या दिवशी सकाळी माझ्या घरातून देवी चालून गेली, असं मी समजले होते. आता ते आठवायलाही नको वाटतं. पण हे लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल, कारण नंतरचं सगळं त्यातूनच घडत गेलं.

आम्ही बजाजनगरला राहतो. मी कंपनीत कामाला जाणाऱ्यांचे डबे करते आणि माझ्या तोंडाचा पट्टा चालू असला की शेजारच्या गल्लीला कळतं, मी स्वयंपाकाला लागले म्हणून. शुगर बरीच जुनी. तळपाय आधी कापसात गुंडाळल्यासारखे वाटायचे, मग तेही वाटेनासं झालं. पाय होते, पण त्यांची मला काही खबर नसायची. तरी नवरात्रात अनवाणी राहायचं मी सोडलं नव्हतं. लग्न झाल्यापासून नऊ दिवस चप्पल घातली नव्हती, आणि घटाची मातीसुद्धा गंगापूरजवळच्या माहेरच्या वावरातून स्वतः अनवाणी जाऊन आणायची हा माझा हट्ट. यंदाही तशीच आणली. बांधावर बाभळी आहेत, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या सकाळी फरशी पुसून मी घटाला माळ घातली, डब्यांची कणीक मळायला आत गेले आणि काहीतरी आणायला परत आले तर घटापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पावलं उमटलेली. लाल, ओली, बोटंसुद्धा स्पष्ट. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. खरं सांगते, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी खाली बसले, एकेका पावलावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. शेजारच्या बायकांना हाका मारल्या. त्याही आल्या, वाकल्या, एकीनं तर पावलाला बोट लावून ते कपाळाला लावलं. तेवढ्यात आमचे हे भाजी घेऊन आले. हे फार बोलत नाहीत. पिशवी हातात तशीच धरून ते त्या पावलांकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "अगं, ही सगळी उजव्याच पायाची आहेत."

मग सगळ्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. मीही बघितलं. मी उभी होते तिथं फरशीवर छोटं थारोळं झालं होतं आणि मला काही म्हणता काही जाणवत नव्हतं. ज्या बाईनं कपाळाला बोट लावलं होतं, ती पदरानं कपाळ पुसत निघून गेली.

जखम करंगळीच्या खाली, तळव्याला. बाहेरून हरभऱ्याएवढी. ह्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणल्या, आमच्याकडं तीच रीत. ताप आला की दोन गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की उरलेल्या फडताळात. या वेळी बरं वाटलंच नाही. दसरा झाला तसा पाय सुजून काळपट पडला आणि घरात असा वास सुटला की मी डब्यांचं काम बंद केलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात भरती झाले. तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण पण फार शांत. जखमेतला पू तपासायला पाठवला, दोन वेगवेगळी इंजेक्शनं देऊन बघितली, एक्स-रे काढला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि समजावून सांगितलं की आतले जंतू नेहमीच्या औषधांना जुमानत नाहीत. अशा अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनीही ते असे निर्ढावतात. आता एकच जोरकस औषध हातात आहे, त्यानं सोमवारपर्यंत फरक पडला नाही तर जीव वाचवायला गुडघ्याखाली पाय काढावा लागेल.

हे जंतू दुसऱ्या पेशंटला लागू नयेत म्हणून मला वेगळ्या खोलीत ठेवलं. आत येणारा प्रत्येकजण पिवळा झगा, मास्क, हातमोजे घालून यायचा. आमचे हेसुद्धा. सगळ्यांचे फक्त डोळे दिसायचे आणि झग्यांची सळसळ ऐकू यायची. पहिल्यांदा मला हसू आलं, मग हळूहळू भीती वाटायला लागली. कुणी उघड्या हातानं मला शिवत नव्हतं. दुपारी खोलीत एकटीच असताना मी पांघरुणाबाहेर आलेल्या त्या पायाकडं बघायची. बँडेजमध्ये गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पलंगावर दुसऱ्या कुणी आणून ठेवलंय, असं वाटायचं. बोटं हलवायचा प्रयत्न करायची तर ती हलली की नाही हे बघूनच कळायचं. एकदा मी हलवली नसताना ती हलली, असा मला भास झाला.

देवीचा मला फार राग आला होता. जिच्यासाठी अनवाणी चालले तिनंच पाय मागावा? आणि वर मला माझ्याच रक्ताची पूजा करायला लावावी? सोमवार जवळ आला तशी मी तिच्याशी भांडून भांडून दमले. शनिवारी दुपारी मी म्हटलं, बाई गं, पाय तुझाच आहे, ठेव नाहीतर ने, मी आता काही मागत नाही. रुसून नाही म्हटलं. खरंच माझ्यात मागायची ताकद उरली नव्हती.

जेवणाची वेळ टळून गेली होती. खिडकीतून ऑक्टोबरचं रणरणतं ऊन येत होतं. डोळा लागला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. पलंगाच्या पायथ्याशी एक म्हातारी उभी होती. खांद्यावर काळी घोंगडी, अशा उन्हात. मेंढरामागं हिंडणाऱ्या बाया असतात ना, तशी. उन्हाच्या पुढं उभी असल्यानं चेहरा दिसत नव्हता. झगा नाही, मास्क नाही, हातमोजे नाहीत. खोलीत ओल्या लोकरीचा वास भरला. ती माझ्याकडं बघतच नव्हती, फक्त पायाकडं बघत होती. तिनं उघडा हात बँडेजवर ठेवला, अंधारात वस्तू चाचपावी तशी बोटं फिरवली आणि स्वतःशीच म्हणाली, "कुठं गं?" मग अंगठा एका जागी रोवला. "हितं."

आणि मला तिचा अंगठा जाणवला. कितीतरी वर्षांनी त्या पायाला काही जाणवलं. आधी गार, बर्फासारखं, आणि मग अशी कळ मस्तकात गेली की मी किंचाळले. सिस्टर धावत आल्या तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. त्या म्हणाल्या, इथं कुणालाच सोडत नाहीत. असेल शेजारच्या वॉर्डातल्या कुणाची आई, वाट चुकली असेल. मीही तेच म्हणते, असेल.

पण अंगठा गेला नाही. ती कळ त्या एका जागी तशीच राहिली, जखमेच्या तोंडापासून बरीच आत, पायाच्या मधोमध. संध्याकाळी मॅडम आल्या तर मी पाय धरून रडत होते. त्यांनी विचारलं, नक्की कुठं? मी बोट ठेवलं. त्यांनी तीच जागा पुन्हा दाखवायला लावली. या पायाला दुखणं शक्य नाही, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी दाखवून दिलं होतं. त्यांनी लगेच त्या जागेची सोनोग्राफी करून घेतली, आणि त्यात एक बारीक रेघ दिसली. रविवारी ती जागा उघडली. आत बाभळीचा काटा निघाला, मोडलेला, भोवती पुवाचा कप्पा. लाकडाचा काटा साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही आणि त्या कप्प्यात औषध पोचत नव्हतं, असं मॅडम म्हणाल्या. काटा निघाला, सडलेला भाग काढला आणि त्याच औषधानं ताप उतरला. सोमवार आला आणि गेला. करंगळी गेली, पाय राहिला.

नंतर तपासणीला गेले तेव्हा मॅडमनी मला डोळे मिटायला लावले आणि बारीक ताठ दोरा तळव्याला टेकवत विचारत गेल्या, लागतंय का? मी वाट बघत बसले. डोळे उघडले तर त्या दोरा डबीत ठेवत होत्या. काटा निघाला होता त्या जागीही दोनदा टेकवला, असं त्यांनी सांगितलं, आणि मला काहीच कळलं नव्हतं. आतली सूज फार वाढली की अशा बधिर पायालाही कधी कधी खोलवर दुखतं, असं त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर असेल. मी वाद घातला नाही. त्यांचे हात माझ्या हातात घेतले, तेव्हा त्यांनी मोजे घातलेले नव्हते.

आता रोज संध्याकाळी हे माझा पाय मांडीवर घेऊन तळवा निरखून बघतात. मी डोळे मिटून बसते. त्यांचा हात पायावर आहे की नाही, मला कळत नाही, आणि मी विचारतही नाही. माझ्या पायाची खबर मला नाही, पण कुणाला तरी आहे, एवढ्यावर मी रात्री निर्धास्त झोपते. आणि देवीपुढं दिवा लावताना एकच वाक्य तोंडून येतं: दुखवायचं असलं तर दुखव, आई, पण माझ्यावरचा हात काढू नको.