बऱ्या खबरीची धाव

आमच्या गावात म्हातारा माणूस धावताना दिसला तर लोक दोनच गोष्टी समजतात. बैल सुटला, नाहीतर कोणीतरी मेलं. मी धावलो तर बैलाचा विषयच नसायचा.

मी तरणा होतो तेव्हा गावात फोन नव्हता. कोणी गेलं की पाहुण्यांकडे खबर पोचवायला मला धाडायचे. शाळेत डोकं चाललं नाही, पाय मात्र चालले. इकडे विजयदुर्ग, तिकडे नांदगाव, उघड्या कातळाचा सडा असो की खाडीची वाट, न थांबता जायचो. मयताची खबर देणाऱ्याने खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पाऊल टाकायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. बाहेरूनच सांगायचं आणि मागे फिरायचं, असा रिवाज.

एकदा असाच तीन कोसांवरच्या गावात गेलो. त्या घरातली मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. मी हातानेच नको म्हटलं नि वळलो. पुढे तीच माझी बायको झाली. पण तो तांब्या काही विसरली नाही. भात करपो, कौल फुटो, भांडण कुठूनही सुरू झालं तरी शेवटी तिथेच यायचं.

"माझ्या हातचां पयला पाणी तुमी नाकारलात."

"रिवाज होतो तो."

"मग एक दिवस बरी खबर घेवन धावत जावा माझ्या माहेराक. तुमका बघून थंयची माणसा अजून रडाक बसतत."

मी म्हणायचो, बरी खबर एसटीने गेली तरी चालते. मुलगा झाला तेव्हा पेढेही एसटीनेच धाडले. मग घरोघरी फोन आले, माझं काम सुटलं, आणि पाय ओसरीवर लांब झाले ते झालेच.

गेल्या शिमग्याच्या आधी ती गेली. फोनवरून सगळ्यांना लगेच कळलं. मला कुठेच धावावं लागलं नाही. मी उगाच घराच्या वाटेच्या तोंडापर्यंत जायचो आणि परत यायचो.

नातीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ठरवलं. बायकोच्या माहेरी आता तिची धाकटी बहीण एकटी राहते. बाळाची खबर मी तिला धावत जाऊन द्यायची. बायको होती तोवर केलं नाही, आता तरी करायचं.

पहिल्या सकाळी शेजारणीच्या गोठ्यापर्यंत पोचलो आणि दगडावर बसलो. ती शेणाच्या हातांनीच बाहेर आली.

"कोण गेला?"

"कोण नाय गो. सहज धावतंय."

"सहज?" रडायला तयार झालेलं तोंड तिने मिटलं. "मेल्या, माझा रडणा फुकट घालवलंस."

दुसऱ्या दिवशी पायरी उतरवेना. मुलाने बाजारातून बूट आणले. त्यांत माझे पाय पाहुण्यांसारखे अवघडून बसायचे, म्हणून काढून ठेवले. पावसाळाभर नुसता चाललो, भातकापणीपर्यंत सड्यावर धावू लागलो. धावणं म्हणजे काय, सोबत एक कुत्रा यायचा, तो चालत असायचा.

थंडीत नातीला मुलगी झाली. इस्पितळातून सुनेचा फोन आला. मुलगा लगेच म्हणाला, "मावशेक लावतंय फोन."

"ठेव तो. मी जातंय."

"बाबानू, तुमी पोचसर चेडू शाळेत जातला."

पण फोन ठेवला त्याने.

खाडीच्या अंगाने धावलो. सड्याच्या चढणीवर चाललो, तिथे कोणी बघत नव्हतं. उतारावर वाडी लागली, माणसं घराबाहेर येऊ लागली. ती काही विचारायच्या आत मीच ओरडलो, "चेडू झालां!"

"कोणाक? तुका?" एकाने विचारलं. थांबून उत्तर देण्याइतका दम असता तर दिलं असतं.

मेव्हणी खळ्यात सुपारी वाळत घालत होती. मला बघितलं आणि खालीच बसली. "अगो बाये माझे!" करून गळा काढला. माझ्या तोंडून शब्द फुटेना, मी नुसता हात हलवत होतो. तिला वाटलं, फारच वाईट झालंय. तिने आवाज चढवला.

"गप गो! नातीक चेडू झालां!"

ती गप्प झाली. मग पदराने नाक पुसलं. "आणि ह्या सांगाक तुमी असे इलात? फोन मोडलो काय तुमचो?"

"तुझ्या बहिणीन सांगितलेल्यान, धावत जावा म्हणान."

ती उठून आत गेली. जावई म्हणून त्या घरात मी कितीदा जेवलो असेन, पण धावत आल्यावर पाय जुन्या सवयीने खळ्याबाहेरच थांबले. ती तांब्या घेऊन आली.

"भीतर येवा. आज कोण मरूक नाय."

खळ्यात गेलो. तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच दिला. तिने परत भरून आणला.

"ह्यो माझ्या तायचो."

तो प्यायला मला बराच वेळ लागला. मेव्हणी सुपारी चाळवत राहिली, माझ्याकडे बघितलं नाही.

परत एसटीने आलो. बायकोने धावत जायला सांगितलं होतं, यायला नाही.