पाळकसाहेबांच्या घरची पाहुणी

"चोपडेबाई, आत्ता तुम्ही पोलीस म्हणून बसलाय की मंडळीतल्या म्हणून?" पाळकसाहेबांनी मला विचारलं.

चर्चमधली रविवारची भक्ती नुकतीच संपली होती. मी त्यांच्या घरी चहा पीत होते. "दोन्ही एकच बाई आहे," मी म्हणाले. "काय झालंय ते सांगा."

मी तेव्हा सहायक फौजदार होते. कोल्हापूरच्या एसपी ऑफिसात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं टेबल माझ्याकडं होतं. व्हिसा म्हणजे देशात यायची परवानगी. शिकायला वर्षानुवर्षं राहायचं, तर वेगळा परवाना लागतो आणि मुदत संपायच्या आत तो वाढवून घ्यावा लागतो. नाही वाढवला तर माणूस बेकायदा ठरतो. आमच्या भाषेत ओव्हरस्टे.

आतल्या खोलीतून चिसोमो आली. आफ्रिकेतल्या मलावी देशातली पोरगी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि चार वर्षं आमच्या चर्चमध्ये गात होती. तिचा परवाना संपून दीड महिना झाल्याचं तिच्या उचगावच्या घरमालकाला कळलं. तो भ्याला. शनिवारी त्यानं तिचं सामान अंगणात ठेवलं. पाळकसाहेब ते रिक्षात घालून तिला घरी घेऊन आले. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. देश सोडायची नोटीस निघाली असती तर चार वर्षांचं शिक्षण गेलं असतं.

साळवीसर खुर्ची असून उभेच होते. ते रिटायर्ड हेडमास्तर आणि आमच्या मंडळीचे पंच.

"शास्त्रात काय सांगितलंय? सत्तेचं ऐका," ते म्हणाले. "चर्चच्या आवारात बेकायदा माणूस ठेवायचा म्हंजे काय? उद्या कुलूप लागंल की!"

"परक्यावर प्रेम करा, हे शास्त्रात किती वेळा आलंय, सर?" पाळकसाहेब म्हणाले. "आपल्या प्रभूला तान्हा असताना राजाच्या भीतीनं आईबाप मिसर देशात घेऊन पळाले. तेव्हा त्यांच्याकडं कुठला परवाना होता?"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मग पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, तीन आठवडे तुम्हाला काही माहीतच नाही, असं नाही का चालणार?"

खरं सांगते, मन क्षणभर तिकडं झुकलं. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात या पोरीनं तिची वेणी घातली होती. पण मी कप खाली ठेवला.

"नाही चालणार," मी म्हणाले. "आणि तशी गरजही नाही. आसरा देणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे. परदेशी पाहुणा घरात उतरला की चोवीस तासांत सी-फॉर्म भरायचा. आमच्याकडं कोण राहतंय, एवढंच त्यात कळवायचं. तो भरा. उद्या तिला घेऊन ऑफिसात या."

"एवढंच?" पाळकसाहेब म्हणाले.

"कुठं हाय तो फॉर्म?" साळवीसरांनी खुर्ची ओढली आणि लॅपटॉपसमोर बसले. एका बोटानं टाइप करत त्यांनी तासाभरात फॉर्म पूर्ण केला. स्पेलिंग तीनदा तपासलं.

सोमवारी मी चिसोमोला घेऊन आधी पीआय साहेबांकडं गेले. "साहेब, ही आमच्या चर्चमधली हाय. तिचा रिपोर्ट मी लिहिणं बरं न्हाय."

"मग मी लिहितो. तुम्ही कागद गोळा करा," साहेब म्हणाले आणि चिसोमोकडं वळले. "मराठी येतंय का?"

"येतंय की, साहेब!"

अख्खं ऑफिस हसलं. साहेबांनाही हसू आवरेना.

तिनं पर्समधून पावती काढली. परवाना वाढवायचा अर्ज तिनं मुदतीतच केला होता. मग अडलं कुठं? मी ऑनलाइन फाइल उघडली. अर्ज केव्हाच परत आला होता. तिनं मध्यंतरी नवा पासपोर्ट घेतला होता, पण कॉलेजच्या बोनाफाइडवर, म्हणजे ती तिथं शिकते या दाखल्यावर, जुनाच नंबर. आणि अर्ज परत आल्याचं कळवणारा ई-मेल गेला होता पहिल्या वर्षी ॲडमिशन करून देणाऱ्या एजंटाच्या पत्त्यावर. तो एजंट धंदा बंद करून कधीच गेला होता. पोरगी पावती जपत बसली होती.

कॉलेजात नवा दाखला मागितला. "प्रिन्सिपल बाहेरगावी आहेत. पुढच्या आठवड्यात या," क्लार्क म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळवीसर एकटेच तिथं जाऊन बसले. दुपारी चारला दाखला घेऊन आले.

"क्लार्क तुमचा विद्यार्थी निघाला का, सर?"

"छे! ओळख ना पाळख. पण दर अर्ध्या तासानं मी त्याच्या टेबलावरचे कागद सरळ करून ठेवत होतो."

प्रिन्सिपलबाईंच्या जागी व्हाइस प्रिन्सिपलांनाही सही करता येते, हे क्लार्कला अचानक आठवलं होतं.

साहेबांनी रिपोर्ट लिहिला. चूक कबूल, हेतू वाईट नाही, पत्ता पक्का. चिसोमोनं उशिराचा दंड भरला आणि फाइल वर गेली. मग नुसतं थांबणं. चिसोमो पाळकसाहेबांच्या माडीवर मोठ्यानं अभ्यास करायची. साळवीसर संध्याकाळी ते ऐकत फाटकाशी घुटमळायचे. आत मात्र येत नसत.

परीक्षेच्या चार दिवस आधी, शुक्रवारी दुपारी परवाना आला. मी फोन केला. वीस मिनिटांत तिघंही ऑफिसात हजर. चिसोमोनं स्क्रीनवर आपलं नाव वाचलं, व्हरांड्यात धावली आणि जीभ हलवून अशी लांब किलकारी मारली की झाडावरची कबुतरं उडाली. साहेब केबिनमधून बाहेर आले. "काय झालं? कोण पळालं?"

"कोण न्हाय पळालं, साहेब. ऱ्हायली!" आमची महिला कॉन्स्टेबल म्हणाली. तोवर चिसोमोनं तिचे दोन्ही हात धरून तिला नाचायला लावलं होतं. साळवीसर भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत होते.

चिसोमो पहिल्या वर्गात पास झाली. आता ती तिच्या गावच्या दवाखान्यात नर्स आहे. सत्ता मोठी की परका मोठा, यावर पाळकसाहेब आणि साळवीसर अजूनही भांडतात. दोघांचंही मला पटतं. फक्त टेबलावरच्या अनुभवानं एक सांगते. सरकारी अर्जात ई-मेल आपला स्वतःचाच लिहावा.