पहिला घास

चीनच्या हूनान प्रांतातल्या एका खोऱ्यात नव्या तांदळाचा पहिला घास कुत्र्याला देतात, कारण भाताचं बी माणसाला त्यानेच आणून दिलं असं मानतात. खाणीच्या पाण्यातून कॅडमियम हा विषारी धातू मातीत उतरला, तेव्हापासून चायश्याने आपल्या शेतातला घास कुत्र्यालाही घातला नव्हता.

यंदा तिने शेतात चुना टाकला आणि दाणा भरताना बांध फोडून पाणी काढायची जुनी रीत मोडली. शेतात पाणी उभं असलं की धातू चिखलातच अडकून राहतो, असं तिने शेतीशाळेत ऐकलं होतं.

"भात कापायचंय की मासे धरायचेत?" नवरा देफू म्हणाला. "ह्या चिखलात यंत्र शिरणार नाही."

"तुमचे हात शिरतील की."

दोघांनी गुडघाभर चिखलात विळ्याने कापणी केली. तपासणीत तांदूळ खाण्याजोगा ठरला.

चायश्याने वाफाळता भात निववून कुत्र्यापुढे ठेवला. त्याने वाडगा चाटूनपुसून साफ केला. ती मात्र दारातून शेतातल्या धसकटांकडे बघत राहिली. विष त्याच मातीत होतं, मुळं त्याच मातीत होती, आणि दाणा तेवढा निर्मळ वर आला होता.

"अगं, आता आपल्यालाही वाढ," देफू हळूच म्हणाला.