पाण्यावरचं वळण
कपाटात सापडलेला जुना फोन चार्जिंगला लावला, नकाशा उघडला, आणि त्या दिवशीच्या वाटेची निळी रेषा अजून तिथंच होती. हिवाळ्यातली सकाळ. कडेवरची लेक तापानं फणफणलेली, सेलूचा दवाखाना धरणाच्या पलीकडं, आणि पाण्यावर असलं धुकं की वल्ह्याचं टोकही दिसेना. ओल्या जाळ्यांचा वास तेवढा येत होता. नाववाले मामा धरण झाल्यापासून इथंच मासे धरत आलेले, पण मध्यावर तेही थांबले. मी फोन पुढं केला; नकाशावर आमचा ठिपका सरकत होता. "सरळ चला मामा, काठ समोरच दावायलाय." मामांनी मान हलवली. "आपण कुठं हाव, तेवढं त्याला सांगू द्या. कुठून जायचं ते मी बघतो. सरळ आमचं बुडालेलं शेत हाय, बांधावरच्या बाभळी नावंचा तळ फाडतेत." ठिपका बघत बघत त्यांनी नाव लांबून वळवली. लेक आता सातवीत आहे. नकाशात तिथं नुसतं पाणी दिसतं, रेषा उगाच वळल्यासारखी वाटते. मी लेकीला हाक मारली, त्या वळणावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "पाया पड बाळा, इथं मामांचं शेत हाय."