माहूरच्या पायथ्याची झोळी

ये, इकडं जवळ बस. गुडघे दुखतात म्हणून माहूरला जायचं सोडलंस म्हणे? शोभतं का तुला हे? ऐक जरा.

मागच्या खेपेला रात्री गडाच्या पायथ्याशी आम्ही सतरंज्या अंथरल्या. शेजारी माझ्याच वयाची एक बाई दोन झाडांना नायलॉनची झोळी बांधून राहिली होती. लेकराची असते तशीच, पण मोठी. घडी केली तर हातातल्या पिशवीत मावेल एवढी हलकी. तिनं आधी हातानं दाबून गाठी पाहिल्या, मग कडेला टेकली आणि अलगद तिरपी आडवी झाली.

आम्हाला हसू आलं. मी म्हटलं, "बाई, अंगाई म्हणू का?"

"म्हण की! पण मला झोप लागली की गप ऱ्हा."

मग म्हणाली, "भुईवर झोप लई चांगली लागायची गं. पण सकाळी उठवायला दोघं लागायचे. पोरं म्हणली, आता जत्रा बंद. तवा ही घेतली."

सकाळी पाहते तर ती पाय खाली सोडून, दोरीला धरून, आपली आपण उभी राहिली. मी सतरंजीवर बसून सुनेला हाका मारून राहिले होते.

तिचं नाव विचारायचं राहिलं, पण तसलीच झोळी मी आणली. आमच्या परसातल्या दोन कडुलिंबांना बांधलीय. एकदा मुदखेडला आमच्या घरी ये, तीत निजून बघ. लवकर ये गं.